व्हिडिओ गुणवत्तेच्या चाचणीसाठी मूळ क्लिप कशा निवडाव्यात

दोन कोडेकपैकी (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारी आणि पुन्हा उलगडणारी यंत्रणा) कोणता बरा हे माणसांना दाखवून ठरवायचं असलं की तयारी बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. खोलीतला उजेड मोजला जातो, पडदा कॅलिब्रेट होतो, गुण नोंदवायचं सॉफ्टवेअर दोनदा तपासलं जातं. चाचणीला आठवडा उरला की कुणीतरी विचारतं, "क्लिप कोणत्या घ्यायच्या?" मग हाताशी असलेल्या, नावाने ओळखीच्या आठ-दहा क्लिप फोल्डरमध्ये पडतात. चाचणी होते, आकडे येतात आणि दोन्ही कोडेक सारखेच निघतात. त्यांच्यात फरक असतो, पण तो बाहेर पडायला त्या क्लिपांमध्ये जागाच नसते.

हे काम करताना मी एक नियम कसोशीने पाळते. प्रत्येक क्लिपच्या नावासमोर ती इथे का आहे ते एका ओळीत लिहायचं. "संध्याकाळचं आकाश, मंद रंगछटांवर पट्टे पडतात का ते दिसेल." "कॅमेरा गवतावरून सरकतो. हालचालीत गवताचा लगदा होतो का ते कळेल." ज्या क्लिपसाठी अशी ओळ सुचत नाही ती कितीही देखणी असली तरी यादीतून जाते. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही ओळ नीट लिहिता यावी यासाठी आहेत.

चाचणीचा प्रश्न आधी कागदावर

"व्हिडिओची गुणवत्ता तपासायची आहे" एवढ्यावर क्लिप निवडता येत नाहीत. "मोबाइलवर ७२०पी मध्ये दिसणाऱ्या खेळांच्या प्रक्षेपणात नवा एन्कोडर (कोडेकचा दाबणारा भाग) कमी बिटरेटला (सेकंदाला कमी बिट खर्चून) जुन्याइतकंच चित्र देतो का?" असा प्रश्न असेल तर निम्मी निवड तिथेच होते. मैदान, गर्दी, वेगवान पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं), स्कोअरची अक्षरं आणि अधूनमधून खेळाडूचा जवळचा चेहरा, एवढं लागणारच. व्हिडिओ कॉलची चाचणी असेल तर हेच साहित्य निरुपयोगी. तिथे खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूस, अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपच्या उजेडात दिसणारा चेहरा, हातवारे, स्क्रीनवर शेअर केलेला मजकूर हे हवं.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. संच सेवेचा रोजचा चेहरा दाखवणारा हवा, की यंत्रणा कुठे मोडते ते शोधणारा? रोजचा चेहरा हवा असेल तर सोप्या क्लिपही प्रमाणात घ्याव्या लागतात, कारण रोजच्या साहित्यात सोपं बरंच असतं. मर्यादा शोधायची असेल तर सोपं साहित्य फक्त वेळ खातं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.५०० या शिफारशीत, जिची पहिली आवृत्ती १९७४ सालची, साहित्याबद्दल एक फार नेमकी अपेक्षा आहे: ते यंत्रणेची परीक्षा पाहणारं असावं, पण वाजवीपेक्षा जास्त नाही. कारंज्याचे तुषार, उडणारा कागदी चुरा आणि चमकणारे दिवे एकाच चौकटीत असलेली क्लिप कुठलाही एन्कोडर झोपवेल, आणि त्यातून त्या एन्कोडरबद्दल काहीच कळणार नाही.

किती क्लिप? हिशेब घड्याळ करतं

बीटी.५०० प्रमाणे एक बैठक साधारण अर्ध्या तासाच्या वर जाऊ नये. माणसाचा डोळा थकतो, मग तो सवयीने "ठीक" दाबत राहतो. क्लिप दहा सेकंदांची आणि गुण द्यायला सरासरी पाच सेकंद धरू. आठ मूळ क्लिप, प्रत्येकीच्या नऊ प्रक्रिया केलेल्या (वेगवेगळ्या एन्कोडरने किंवा बिटरेटला दाबलेल्या) आवृत्त्या, म्हणजे ७२. शिवाय आठही मूळ क्लिप न सांगता मध्ये मिसळायच्या, म्हणजे ८०. त्याचे १२०० सेकंद, वीस मिनिटं. सूचना आणि सराव धरून हे आरामात बसतं. तेच बारा क्लिप घेतल्या तर १२० दर्शनं, बरोबर तीस मिनिटं, आणि मग मध्ये विश्रांती देऊन दोन बैठका कराव्या लागतात.

वेळ पुरत नसेल तर मी बिटरेटचा एखादा टप्पा वगळते, क्लिप वगळत नाही. पाचच क्लिप असतील तर प्रत्येकीचा सरासरीत पाचवा हिस्सा असतो. त्यातली एक विचित्र निघाली की सगळा निकाल तिच्यामागे जातो. बिटरेटच्या दोन टप्प्यांमधला सुटलेला बिंदू आलेखावरून अंदाजाने भरता येतो. न दाखवलेलं दृश्य कशावरूनच भरता येत नाही.

शेवटी आठ हव्या असतील तर सुरुवातीला तीस-चाळीस उमेदवार जमवा. गळती मोठी असते.

मूळ क्लिप खरोखर मूळ आहे का

सर्वात जास्त वेळ इथे द्या. एका चाचणीसाठी आम्हाला बाहेरून "मास्टर" म्हणून साहित्य मिळालं होतं. फाइली भल्यामोठ्या, एक्स्टेन्शन बरोबर, फ्रेम मोजून चोख. लॅपटॉपवर पाहून आम्ही समाधान मानलं. निकाल आले तेव्हा बाकीच्या मूळ क्लिपांना पाचपैकी साडेचारच्या आसपास गुण आणि या एकीला जेमतेम साडेतीन. पुन्हा नीट पाहिल्यावर उलगडा झाला. ती क्लिप आधी कुठेतरी दाबून कॉम्प्रेस केलेली होती आणि नंतर उलगडून अनकॉम्प्रेस्ड डब्यात भरली होती. आकार मोठा, आत चित्र उष्टं. आठातली एक क्लिप म्हणजे चाचणीचा आठवा भाग फेकून द्यावा लागला, आणि तो भरून काढायला लोकांना पुन्हा बोलावणं शक्य नव्हतं.

फेकला नसता तर काय झालं असतं तेही पाहा. लपवलेल्या मूळ क्लिपसह घेतलेल्या चाचणीत फरकाचे गुण असे काढतात: प्रक्रिया केलेल्या क्लिपचे गुण, वजा मूळ क्लिपचे गुण, अधिक पाच. चांगल्या मूळ क्लिपला ४.६ आणि तिच्या कॉम्प्रेस केलेल्या आवृत्तीला ३.४ मिळाले तर उत्तर ३.८ येतं. उष्ट्या मूळ क्लिपला ३.५ आणि तिच्या आवृत्तीला तेच ३.४ मिळाले तर उत्तर ४.९. लोकांनी दोन्ही आवृत्त्यांना सारखेच गुण दिले, पण कागदावर दुसऱ्या ठिकाणी एन्कोडर जवळजवळ निर्दोष ठरला! म्हणून मूळ क्लिप लोकांच्या नजरेत किमान "चांगली" असायलाच हवी, आणि "उत्कृष्ट" असेल तर उत्तम.

तपासायचं ते मोठ्या पडद्यावर, चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसवून. आधी पूर्ण वेगाने, मग निम्म्या वेगाने, मग संशयाच्या जागी फ्रेम-फ्रेम. दोनशे टक्के झूम करून सावल्यांमध्ये पाहा. काळा कोट, केसांचा गडद भाग, खांबाची सावली, जुन्या कॉम्प्रेशनच्या खुणा आधी तिथे सापडतात: ठरावीक मापाचे चौकोन किंवा पोत नाहीसा झालेले सपाट डाग. अक्षरांच्या कडांभोवती डासांसारखं काही वळवळताना दिसलं तर तेही त्याचंच लक्षण. स्थिर दृश्यात दर अर्ध्या किंवा एका सेकंदाला चित्र हलकं "धडकल्या"सारखं वाटलं, तर जुन्या एन्कोडरच्या की-फ्रेम (ठरावीक अंतराने पूर्ण साठवलेल्या फ्रेम) तुम्ही मोजताय असं समजा.

क्लिप खालच्या रिझोल्यूशनमधून वर ओढलेली आहे का, हे ओळखायला साधी युक्ती आहे. चित्र रुंदी-उंचीने निम्मं करा, परत मूळ मापाला आणा आणि दोन्ही आलटून पालटून पाहा. खऱ्या ४के क्लिपमध्ये केस, विणकाम, दूरच्या खिडक्या लगेच मऊ पडतात. काहीच फरक दिसत नसेल तर तो तपशील तिथे कधी नव्हताच. फोकस किंचित चुकलेला असला तरी हेच दिसतं, आणि दोन्ही बाबतींत क्लिप बादच.

इंटरलेस्ड साहित्य (ज्यात एका फ्रेमच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात) आडव्या हालचालीत कंगव्याच्या दातांसारख्या कडा दाखवतं. ते डीइंटरलेस करून (ओळी एकत्र जुळवून) वापरायचा मोह आवरा, कारण डीइंटरलेसरच्या चुका मग तुमच्या एन्कोडरच्या माथी बसतात. चाचणीच इंटरलेस्ड सेवेची असेल तर गोष्ट वेगळी.

रंगाचंही एकदा पाहून घ्या. १६ ते २३५ या मर्यादेत साठवलेलं चित्र कुणीतरी ० ते २५५ समजून उघडलं की काळा रंग राखाडी होतो आणि सगळं धुरकट दिसतं. एचडीच्या बीटी.७०९ या रंगमानकाच्या जागी अल्ट्रा एचडीचं बीटी.२०२० असं लेबल लागलं तर रंग भलतेच दिसतात. दोष क्लिपचा नसतो, पण गुण तिचेच जातात.

साठवण अनकॉम्प्रेस्ड किंवा एफएफव्ही१ सारख्या काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये करा. जागा लागते: १९२० गुणिले १०८०, ८ बिट, ४:२:० (रंगाची माहिती आडवी-उभी निम्म्या रिझोल्यूशनला), सेकंदाला ५० फ्रेम या हिशेबाने दहा सेकंदांचे साधारण १.५६ जीबी होतात. ४के आणि १० बिट, प्रत्येक नमुना १६ बिटांत ठेवला, तर १२.४ जीबी. चाळीस उमेदवारांसाठी डिस्क आधीच घेऊन ठेवा.

साहित्य कुठून आणायचं

संशोधनासाठी मोफत मिळणारं चांगलं साहित्य बरंच आहे. कन्झ्युमर डिजिटल व्हिडिओ लायब्ररी, म्हणजे सीडीव्हीएल, ही खास याच कामासाठी आहे; नोंदणी करून क्लिप उतरवता येतात. स्वीडनच्या एसव्हीटी या प्रसारण संस्थेने २००६ साली दिलेला संच ६५ मिमी फिल्मवर सेकंदाला ५० फ्रेमने चित्रित केलेला आहे. "क्राउड रन", "पार्क जॉय", "डक्स टेक ऑफ" ही त्यातली नावं या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ऐकलेली असतात. फिनलंडच्या टॅम्पेरे विद्यापीठातल्या अल्ट्रा व्हिडिओ ग्रुपकडे १६ ४के क्लिप आहेत, त्यातल्या काही सेकंदाला १२० फ्रेमच्या. नेटफ्लिक्सने खुलं केलेलं साहित्य आहे, ब्लेंडरचे खुले ॲनिमेशनपट आहेत आणि झिफ या संस्थेच्या संग्रहात जुनं-नवं बरंच काही एकत्र मिळतं. "फोरमन" किंवा "अकियो" सारख्या ३५२ गुणिले २८८ च्या जुन्या क्लिप मात्र आता इतिहासासाठी ठेवाव्यात.

या प्रसिद्ध क्लिपांची अडचण त्यांची प्रसिद्धीच आहे. एन्कोडर लिहिणाऱ्यांनी त्या वर्षानुवर्षं समोर ठेवून आपले निर्णय घासूनपुसून घेतले आहेत. गुणवत्ता मोजणारी गणिती मॉडेल्सही त्यांच्यावरच शिकलेली असतात. तुमच्या चाचणीतून एखादं मॉडेल तपासायचं असेल तर ते ज्या क्लिपांवर शिकलं त्यातली एकही घेऊ नका. बाकी वेळी मी निम्म्या प्रसिद्ध आणि निम्म्या नव्या असं धरते. प्रसिद्ध क्लिपांमुळे आपले आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडता येतात, नव्या क्लिप आपल्याला फसू देत नाहीत.

स्वतः चित्रित करणार असाल तर सेन्सरचा नॉइज कमी राहील असा उजेड, कॅमेऱ्याचं अंतर्गत शार्पनिंग बंद आणि शक्य तितकं हलकं कॉम्प्रेशन किंवा रॉ. चित्रात ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या, आणि त्या कागदावर "फ्रेम शोधनिबंधात छापता येईल" हे वाक्य असू द्या. तेवढं वाक्य नंतर मिळवायला महिने जातात. उतरवलेल्या साहित्याचा परवानाही याच नजरेने वाचा. दाखवण्याची मुभा, बदललेल्या आवृत्त्या वाटण्याची मुभा आणि छापण्याची मुभा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणता दोष कुठे दिसतो

आता त्या एका ओळीचा खरा मजकूर. प्रत्येक दोषाला आपली आवडती जमीन असते.

मंद छटा बदलणारे मोठे पृष्ठभाग, म्हणजे पहाटेचं आकाश, धुकं, भिंतीवर पसरलेला दिव्याचा उजेड, यांवर बँडिंग, म्हणजे छटांचे पट्टे, उमटतं. एन्कोडरला अशी दृश्यं सोपी वाटतात, तो तिथे बिट वाचवतो आणि डोळ्याला नेमके तिथेच पट्टे दिसतात. म्हणून "सोपी" क्लिप आणि "गुण चांगले मिळतील अशी क्लिप" यांत गल्लत करू नका. पाणी, पानं, गर्दी, पाऊस यांत प्रत्येक कण वेगळा हलतो. आधीच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधता येत नाही आणि बिट संपतात. तिथे चौकोन पडतात किंवा पोत पुसला जातो.

"डक्स टेक ऑफ" जवळून पाहण्यासारखी आहे. चौकटभर पाणी, त्यावर बदकं. ती उडतात तेव्हा लाटा, शिंतोडे आणि पंख एकदम हलतात, पण त्याआधीही पाण्यावरची प्रत्येक बारीक वळी क्षणाक्षणाला आकार बदलत असते. कमी बिटरेटला ती वळी आधी जाते आणि पाण्याचा मेणचट पत्रा होतो. गंमत अशी की आधी मूळ न पाहिलेल्या माणसाला तो पत्रा फारसा खटकत नाही, कारण शांत पाणी तसंही दिसू शकतं. तीच झीज माणसाच्या गालावर झाली तर नवखा माणूसही लगेच बोट ठेवतो. चेहरा कसा दिसतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून संचात जवळून घेतलेला किमान एक चेहरा हवा, आणि वेगवेगळ्या वर्णांचे एकाहून जास्त चेहरे असतील तर फार बरं. गडद त्वचेवरच्या मंद छटा एन्कोडर वेगळ्या तऱ्हेने बिघडवतात.

गडद लाल किंवा निळ्या रंगाच्या तीक्ष्ण कडा ४:२:० मध्ये रंगाचं रिझोल्यूशन निम्मं झाल्यामुळे भुरकट होतात. काळ्यावर लाल अक्षरं हे त्याचं चांगलं उदाहरण. सरकत जाणारा मजकूर हालचालीच्या अंदाजाची परीक्षा घेतो. रात्रीच्या दृश्यात नॉइज आणि अंधार एकत्र असतात. मैदानावरचा छोटा चेंडू पॅनमध्ये काही फ्रेमपुरता अक्षरशः गायब होतो, आणि खेळ पाहणाऱ्याला दुसरं काही दिसो न दिसो, चेंडू दिसलाच पाहिजे. फ्लॅशचे उजेड, फेड आणि डिझॉल्व्ह यांत सगळ्या चौकटीची प्रकाशमात्रा एकदम बदलते. कित्येक एन्कोडर तिथे अडखळतात.

पॅकेट गळण्याची (नेटवर्कवर माहितीचे तुकडे हरवण्याची) चाचणी असेल तर विचार उलटा करा. स्थिर दृश्यात हरवलेला तुकडा आधीच्या फ्रेममधून उचलून झाकला जातो, कळतही नाही. सावकाश, सलग पॅन घ्या. तिथे जुना तुकडा आपल्या जागेवरून सरकलेला दिसतो आणि चित्र फाटल्यासारखं होतं.

फिल्म ग्रेनची (फिल्मवरच्या बारीक दाण्यांची) एखादी क्लिप जरूर ठेवा, एकापेक्षा जास्त मात्र नको. ग्रेन पुसणारा एन्कोडर "स्वच्छ" दिसतो आणि काही जण त्याला मूळ क्लिपपेक्षा जास्त गुण देतात. हा निकालही अभ्यासण्यासारखा असतो. संचात अशा चार क्लिप असल्या तर मात्र चाचणी तुमच्या प्रश्नाला सोडून ग्रेनची आवडनिवड मोजू लागते.

एसआय आणि टीआय: नकाशा म्हणून वापरा

आयटीयू-टी पी.९१०, पहिली आवृत्ती १९९६ सालची, दोन आकडे सुचवते. एसआय म्हणजे चित्रातला अवकाशी तपशील: प्रत्येक फ्रेमच्या प्रकाशमात्रेवर सोबेल फिल्टर (कडा उठून दाखवणारा) लावायचा, सगळ्या पिक्सेलचं प्रमाण विचलन काढायचं आणि पूर्ण क्लिपमधलं सर्वात मोठं मूल्य घ्यायचं. टीआय म्हणजे काळातला बदल: लागोपाठच्या दोन फ्रेमची वजाबाकी, तिचं प्रमाण विचलन, पुन्हा सर्वात मोठं मूल्य. दोन्ही आकडे आलेखाच्या दोन अक्षांवर मांडले की उमेदवार ठिपक्यांसारखे पसरलेले दिसतात. निवडलेले ठिपके कोपऱ्यांत आणि मध्यात असे विखुरलेले हवेत. सगळे एका गठ्ठ्यात आले तर एकाच क्लिपची आठ रूपं घेतली असं समजा. एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ साधनात यासाठी तयार फिल्टर आहे, व्हीक्यूईजी या तज्ज्ञगटाची साधनंही मिळतात.

पण या आकड्यांना फसवणं सोपं आहे. क्लिपमध्ये एकच कट असला की त्या एका फ्रेमवर टीआय उसळतो, आणि बोलणाऱ्या दोन स्थिर चेहऱ्यांची क्लिप नकाशावर धावण्याच्या शर्यतीशेजारी जाऊन बसते. वर-खाली काळे पट्टे असलेल्या चित्रात पट्ट्याची कड एसआय बदलते. मोजण्याआधी पट्टे कापा. ग्रेन आणि नॉइज दोन्ही आकडे फुगवतात. वेगळ्या रिझोल्यूशनचे, वेगळ्या बिटडेप्थचे आकडे एका नकाशावर ठेवू नयेत.

म्हणून एकटा सर्वात मोठा आकडा न घेता मी फ्रेमगणिक टीआयची रेघ काढून पाहते. वर सांगितलेले कितीतरी दोषही तिथेच पकडले जातात. रेघ दर पाचव्या फ्रेमला शून्याजवळ आपटत असेल तर सेकंदाला २४ फ्रेमचं साहित्य अधूनमधून एकेक फ्रेम पुन्हा घालून ३० चं केलं आहे. दर सहाव्या फ्रेमला आपटत असेल तर ते २५ चं होतं. ठरावीक अंतरावर बारीक उंचवटे दिसले तर त्या जुन्या की-फ्रेम. डोळ्याने तासभर शोधूनही जे निसटतं ते या रेघेत एका नजरेत येतं.

नकाशाने सांगितलं आणि डोळ्याला पटलं नाही, तर डोळ्याचं ऐका. बँडिंगचं आकाश एसआय-टीआयच्या नकाशावर डाव्या खालच्या कोपऱ्यात, सर्वात निरुपद्रवी जागी बसलेलं असतं.

दहा सेकंद कापताना

पाच ते वीस सेकंद चालतात, दहाच्या आसपास बहुतेक कामांना बरे. दहा सेकंदांत क्लिपचा अवघडपणा साधारण सारखा राहील असा तुकडा शोधा. पहिले सात सेकंद शांत आणि शेवटचे तीन सेकंद धावपळीचे असतील तर गुण त्या तीन सेकंदांनाच मिळतात, कारण शेवटी पाहिलेलं मनात ताजं असतं. बिटरेट बदलत जाणाऱ्या स्ट्रीमिंगचा अभ्यास असेल तर लांब क्लिप लागतात, पण ती वेगळीच चाचणी.

कट असलेली क्लिप चालते, किंबहुना एखादी असावीच. कट मात्र पहिल्या किंवा शेवटच्या सेकंदात येऊ नये. आवाज असेल तर वाक्याच्या मध्ये तोडू नका. हालचाल अर्धवट सुटते तेव्हाही माणूस अस्वस्थ होतो: चेंडू हवेत असताना क्लिप संपली तर त्याचं मन "पुढे काय" मध्ये अडकतं आणि गुण नंतर, घाईने दिले जातात. एन्कोडरला रुळायला वेळ लागतो म्हणून दोन्ही बाजूंना एक-दोन सेकंद जास्तीचे ठेवून एन्कोड करा आणि दाखवताना ते छाटा.

पाहणाऱ्या माणसाचा विचार

तीच क्लिप हा माणूस दहा वेळा पाहणार आहे. विनोद दुसऱ्यांदा फिका पडतो आणि तिसऱ्यांदा छळतो. रक्त, अपघात, निवडणुकीची सभा, धार्मिक दृश्य, ओळखीचा नट किंवा राजकारणी यांपैकी काहीही असलं की लोक चित्राऐवजी विषयाला गुण देतात. अगदी कंटाळवाणं दृश्यही नको, कारण लक्ष उडालेला माणूस मधल्या आकड्यावर बोट ठेवून मोकळा होतो. बाजारातली लगबग, काम करणारे हात, प्राणी, रस्ता, नाच असं सौम्य आणि पाहावंसं वाटणारं साहित्य टिकतं. लखलखणारे दिवे असतील तर प्रकाशाने झटके येणाऱ्यांचा विचार करून ती क्लिप गाळाच.

दोन क्लिप एकमेकींसारख्या दिसू नयेत, हेही पाहा. एकाच चित्रीकरणातले दोन शॉट घेतले तर पाहणाऱ्याला ती एकच क्लिप वाटते, आणि आकड्यांच्या दृष्टीनेही तुमच्या आठ क्लिप सातच उरतात.

एन्कोड करून पाहिल्याशिवाय यादी पक्की नाही

उरलेल्या पंधरा-वीस उमेदवारांना एक्स२६४ या एन्कोडरमध्ये सीआरएफ (स्थिर गुणवत्तेची सेटिंग) २३ अशा एकाच स्थिर गुणवत्तेवर एन्कोड करा आणि प्रत्येकीला किती बिटरेट लागला ते चढत्या क्रमाने लिहा. एन्कोडरच्या दृष्टीने कोणती क्लिप किती अवघड, हे ही यादी एसआय-टीआयपेक्षा सरळ सांगते. खालून, मधून आणि वरून क्लिप उचला.

मग त्या क्लिपांना चाचणीतल्या सर्वात खालच्या आणि सर्वात वरच्या बिटरेटला एन्कोड करून दोन-तीन सहकाऱ्यांसह पाहा. प्रत्येकाने एकमेकांना न विचारता पाचपैकी गुण लिहायचे. वरच्या टोकाला जवळजवळ सगळ्या क्लिप चार-पाचमध्ये हव्यात, खालच्या टोकाला काही एक-दोनमध्ये आणि काही तीनच्या आसपास. खाली सगळ्याच एकवर आदळल्या तर संच फार कठीण, नाहीतर बिटरेट फार कमी. सगळ्या चारवर राहिल्या तर संच फार सोपा. एखादी क्लिप दोन्ही टोकांना सारखेच गुण घेत असेल तर तिने तुमचे दहा प्रसंग फुकट घालवले असते. तिच्या जागी राखीव यादीतली पुढची आणा. नियंत्रित खोलीतल्या चाचणीसाठी आयटीयू-टीची पी.९१३ ही शिफारस निदान २४ माणसं सुचवते. त्या २४ जणांना बोलावण्याआधी हा एक दुपारभराचा खटाटोप केला तर त्यांचा वेळ सत्कारणी लागतो.

यादी पक्की झाली की प्रत्येक क्लिपची नोंद करा: कुठून घेतली, परवाना कोणता, मूळ फाइलमधल्या कितव्या फ्रेमपासून कितव्यापर्यंत, मूळ आणि चाचणीतलं रिझोल्यूशन, फ्रेमरेट, बिटडेप्थ, रंगमर्यादा, एसआय, टीआय, फाइलचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा आकडा) आणि आपली ती एक ओळ. वर्षभराने कुणी विचारलं की ही क्लिप का घेतली, तर उत्तर तयार असतं. निकालात एखादी क्लिप वेगळी वागली तर शोध घ्यायलाही ती ओळच पहिल्यांदा कामी येते.

सरावासाठीच्या तीन-चार क्लिप सर्वात शेवटी आणि वेगळ्या साहित्यातून निवडा. त्या चाचणीतल्या क्लिपांपैकी नसाव्यात, पण त्यांत चाचणीतले सगळे दोष आणि दर्जाची दोन्ही टोकं यायला हवीत. सरावात वाईटात वाईट चित्र आधीच पाहिलेलं असलं की चाचणीतल्या पहिल्याच क्लिपला घाबरून कुणी एक गुण देत नाही.